सह्याद्रीतले ग्रीक आणि लॅटिन

वनस्पतीचे शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. ब्युटिया मोनोस्पर्मा म्हटले की जगातल्या कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञापुढे पळसच उभा राहतो. त्याच्या गावी त्याला ढाक म्हणत असोत, केसुडो म्हणत असोत की मुत्तुग. ही सोय सर्वांना ठाऊक आहे. या शब्दांना अर्थ असतो आणि तो बहुधा कुणीतरी ते झाड हातात घेऊन, उलटून-पालटून पाहिल्यावर सुचलेला असतो, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. कॉलेजात ही नावे स्पेलिंगसकट पाठ करायची असतात आणि परीक्षा संपली की विसरायची असतात. ‘मोनोस’ हा ग्रीक शब्द ‘एकटा’ या अर्थाचा, आणि ‘स्पेर्मा’ म्हणजे बी. पळसपापडी म्हणून ज्याचे बी औषधाला वापरतात, त्या पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते. फुलांच्या लालभडक गर्दीने सगळ्यांचे डोळे दिपलेले असताना नाव ठेवणाऱ्याची नजर शेंगेतल्या त्या एकट्या बीवर गेली.

दोन शब्दांची ही पद्धत रूढ केली स्वीडनच्या कार्ल लिनियसने. 1753 साली प्रसिद्ध झालेला त्याचा ‘स्पेसीज प्लँटारम’ हा ग्रंथ वनस्पतींच्या नामकरणाचा आरंभबिंदू मानला जातो. फुलझाडांच्या बाबतीत त्याआधीची नावे आज ग्राह्य धरत नाहीत. त्यापूर्वी शास्त्रीय नाव म्हणजे एक लॅटिन वाक्यच असे. चिरबोटीच्या प्रजातीतल्या एका वनस्पतीला ‘फिसॅलिस आन्नुआ रामोसिसिमा, रामिस आंगुलोसिस ग्लाब्रिस, फोलिइस डेंटाटो-सेर्राटिस’ असे म्हणत. म्हणजे वर्षायू, पुष्कळ फांद्यांची, कोनदार आणि गुळगुळीत फांद्या असलेली, दातेरी पानांची फिसॅलिस. लिनियसने त्यातला ‘कोनदार’ एवढाच गुण ठेवला आणि नाव झाले फिसॅलिस अँग्युलेटा. फिसॅलिस हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ फुगा, हवेने भरलेली पिशवी. चिरबोटीचे फळ ज्या कागदी फुग्यात बसलेले असते, तो ज्याने बोटांत धरून फोडला असेल त्याला हे नाव कुणी समजावून सांगायला नको. लांबलचक वाक्य गेले, पण पाहणे शिल्लक राहिले.

पण लिनियस स्वीडिश असताना भाषा ग्रीक आणि लॅटिनच का? याचे उत्तर त्याच्या दोन हजार वर्षे मागे आहे. लेस्बॉस बेटावरच्या एरेसॉस गावचा थिओफ्रॅस्टस हा ॲरिस्टॉटलचा सहकारी आणि त्याच्यानंतर त्याच्या विद्यापीठाचा प्रमुख. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकांत त्याने वनस्पतींवर जे लिहिले, ते युरोपातले या विषयावरचे पहिले पद्धतशीर लेखन होय. अलेक्झांडरबरोबर पूर्वेकडे गेलेल्या माणसांचे वृत्तान्त त्याच्यापर्यंत पोचले होते आणि त्यांच्या आधारे त्याने फांद्यांतून मुळे सोडणाऱ्या भारतीय अंजिराचे, म्हणजे आपल्या वडाचे, वर्णन केले. वड न पाहता त्याने पारंब्यांविषयी लिहिले, आणि त्या फांद्यांतून जमिनीकडे येणारी मुळे आहेत हे ओळखून लिहिले. नंतर पहिल्या शतकात सिलिशियातल्या ॲनाझार्बस गावचा वैद्य डायॉस्कोरिडीस याने सुमारे 600 औषधी वनस्पतींची माहिती ग्रीकमध्ये पाच भागांत लिहिली, आणि जवळजवळ दीड हजार वर्षे युरोपातले व अरबी जगातले वैद्य तिच्यावर विसंबून राहिले. त्याचा समकालीन रोमन प्लिनी याने ग्रीक नावे लॅटिनमध्ये आणली. इसवी सन 79मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात तो मरण पावला. युरोपात छापखाने आले तेव्हा विद्वानांची समाईक भाषा लॅटिन होती आणि वनस्पतींची जुनी नावे या तिघांच्या ग्रंथांत होती. जुनी नावे ग्रीक, त्यांचा पेहराव लॅटिन, ही जोडी तिथून पक्की झाली.

बाझेलच्या कास्पर बाउहिनने 1623 साली सुमारे 6000 वनस्पतींची नावे आणि त्यांची निरनिराळ्या ग्रंथांतली पर्यायी नावे एकत्र करून ‘पिनॅक्स’ काढला. ‘पिनॅक्स’ हा ग्रीक शब्द, अर्थ फळा किंवा तक्ता. त्याचा थोरला भाऊ योहान हाही वनस्पतिशास्त्रज्ञ होता. दोघा भावांच्या नावाची बौहिनिया ही प्रजाती महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात वर्षातून एकदा येते, कारण दसऱ्याला सोने म्हणून वाटतात तो आपटा म्हणजे बौहिनिया रॅसिमोजा. आपट्याचे पान मधोमध दुभंगलेले, दोन दले एका देठावर जुळलेली. हे जोडपान बाउहिन बंधूंना शोभणारे आहे, असे लिनियसने नोंदवून ठेवले आहे. माणसाच्या नावावरून ठेवलेल्या नावांत इतके नेमके नाव विरळाच.

लिनियसने नियमही केला होता. 1751 सालच्या आपल्या ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’त त्याने सांगितले की प्रजातीची नावे ग्रीक किंवा लॅटिन मुळांतूनच यावीत, इतर भाषांतली नावे, त्याच्या शब्दांत ‘बर्बर’ नावे, टाकून द्यावीत. नियम कठोर होता आणि भारतासारख्या देशाच्या दृष्टीने अन्यायाचाही होता. पण तो पाळणे खुद्द त्यालाही जमले नाही. आंब्याला त्याने मँजिफेरा म्हटले. त्यातला ‘मांगा’ मलयाळमातून पोर्तुगीजांच्या मार्गे आलेला आणि ‘फेरा’ हा धारण करणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून: मांगा धरणारी. नंतरच्यांनीही तो पाळला नाही: सागाच्या टेक्टोनात मलयाळम ‘तेक्कु’ आहे, पोर्तुगीज ‘तेका’च्या वाटेने आलेला. मोहाच्या मधुका या प्रजातिनामाला तर लॅटिन वेष चढवायचीही गरज पडली नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी की लिनियस ज्या नावांना अस्सल ग्रीक-लॅटिन समजून मान देत होता, त्यांतली कित्येक भारतातूनच गेलेली होती. मिरीची प्रजाती पायपर. लॅटिन ‘पिपेर’ आला ग्रीक ‘पेपेरी’वरून आणि ‘पेपेरी’ आला आपल्या ‘पिप्पली’वरून. वाटेत नाव एका मसाल्यावरून दुसऱ्यावर सरकले. पिप्पली म्हणजे लांब पिंपळी. पश्चिमेकडे तो शब्द काळ्या मिरीलाही लागला आणि आता लांब पिंपळी पायपर लाँगम, काळी मिरी पायपर नायग्रम. आल्याच्या झिंजिबरमध्ये ग्रीक ‘झिंगिबेरिस’ आहे, त्याच्या मागे प्राकृत ‘सिंगिवेर’ आणि त्याच्या मागे संस्कृत ‘शृंगवेर’. उसाच्या सॅकॅरममध्ये ‘शर्करा’ आहे. डायॉस्कोरिडीसला ‘साखारॉन’ ठाऊक होते ते भारतात वेतांवर मिळणारा घट्ट मध म्हणून. चंदनाच्या सँटॅलममध्ये खुद्द ‘चंदन’ आहे. भाताच्या ओरायझाचे नाते इराणी भाषांमार्गे ‘व्रीही’शी जोडतात. व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांतून माल गेला आणि त्याबरोबर नाव गेले. शेकडो वर्षांनी ते नाव शास्त्राचा शिक्का घेऊन परत आले. म्हणून या नावांना सरसकट परकी म्हणणे बरोबर नाही.

हे देणे-घेणे प्राचीन काळी संपले नाही. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने इथल्या औषधी द्रव्यांवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. चार वर्षांत क्लूसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे लॅटिन रूपांतर काढले आणि युरोपभर तो वाचला गेला. पुढे मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. मजकूर लॅटिन, पण माहिती इथल्या वैद्यांची. केरळातले इट्टी अच्युतन वैद्य हे त्यांतले प्रमुख. त्यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते. 1675 साली त्यांनी दिलेले कोकणी भाषेतले, नागरी लिपीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. युरोपात नागरी अक्षरे छापून येण्याच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. लिनियस भारतात कधी आला नाही. भारतातली कित्येक झाडे त्याला कळली ती याच ग्रंथातल्या चित्रांवरून, आणि त्या चित्रांमागे या चार माणसांचे ज्ञान होते. वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याला लिनियसबरोबर त्यांची नावेही शिकवली गेली पाहिजेत.

मराठी माणसाला या नावांच्या व्याकरणाची धास्ती वाटायचे खरे तर काही कारण नाही. लॅटिनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत आणि विशेषण नामाप्रमाणे बदलते. आपण पांढरा, पांढरी, पांढरे म्हणतो, तसे लॅटिनमध्ये आल्बुस, आल्बा, आल्बुम. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्याला हा बदल घोकावा लागतो. मराठीत वाढलेल्याच्या तो कानात असतो. ‘पेरून पिकवलेले’ या अर्थाचे एक विशेषण पाहावे. भात ओरायझा सटायव्हा, मुळा रॅफॅनस सटायव्हस आणि लसूण एलियम सटायव्हम. पहिले नाम स्त्रीलिंगी, दुसरे पुल्लिंगी, तिसरे नपुंसकलिंगी, एवढाच फरक. शतावरी ॲस्पॅरॅगस रॅसिमोसस आणि उंबर फायकस रॅसिमोजा. दोन्हींचा अर्थ घोसांचा, घडांचा. इथे एक बारकावा आहे. फायकस या शब्दाचा शेवट पुल्लिंगी दिसतो, मग विशेषण स्त्रीलिंगी का? कारण रोमन लोक झाडांची नावे स्त्रीलिंगी मानत. म्हणून पिंपळ फायकस रिलिजिओजा आणि तुती मोरस आल्बा.

उच्चारांनी मात्र अर्थ झाकला जातो. आपण ही नावे इंग्रजांकडून शिकलो, त्यामुळे ‘फीकुस’चे फायकस झाले. ग्रीक ‘केरॉस’ म्हणजे मेण, पण ‘के’चा ‘से’ झाल्यावर सेरोपेजियात मेण कुणाला दिसणार? आणि सेरोपेजिया तर सह्याद्रीच्या अभिमानाची प्रजाती आहे. मराठीत तिला कंदीलपुष्प म्हणतात, काही जातींना खरपुडी. ‘केरॉस’ मेण आणि ‘पेगे’ झरा: मेणाचा झरा. ऱ्हेडेच्या ग्रंथातल्या चित्रात वर वळलेल्या फुलांचा झुपका लिनियसला मेणबत्त्यांच्या झुंबरासारखा दिसला, आणि त्याने जातीचे नावही कँडेलॅब्रम ठेवले. मराठी माणसाने त्याच फुलांत कंदील पाहिला. युरोपात बसून चित्र पाहणारा आणि पावसाळ्यात डोंगरावर गुरे घेऊन फिरणारा, दोघांनाही त्या फुलात दिवा दिसावा, यात त्या फुलाच्या आकाराची साक्ष आहे. फुलाची नळी तळाशी फुगीर असते, आत खाली वळलेले केस असतात. लहान माशी आत उतरते आणि केस सुकेपर्यंत बाहेर पडू शकत नाही. तेवढ्यात परागकणांचे काम होऊन जाते.

साताऱ्याजवळचे कास पठार पश्चिम घाटाबरोबर 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत आले. सप्टेंबरात तिथे जाणाऱ्याच्या पायांशी ग्रीक आणि लॅटिन पसरलेले असते. पिवळी सोनकी म्हणजे सेनेसिओ. ‘सेनेक्स’ हा लॅटिन शब्द म्हाताऱ्यासाठी. सोनकीची फुले पिवळीधमक असताना हे नाव कोड्यात टाकते. बहर ओसरला, बियांवर पांढरे केस आले, की उलगडा होतो. प्लिनीने लिहून ठेवले आहे की ग्रीकांनी ज्याला ‘एरिगेरॉन’ म्हटले त्यालाच रोमन लोक ‘सेनेसिओ’ म्हणतात. ‘एरिगेरॉन’ म्हणजे लवकर म्हातारा झालेला. आज ही दोन्ही नावे दोन वेगवेगळ्या प्रजातींना लागलेली आहेत. ओढ्याकाठच्या कातळावर वाढणारा हंसराज म्हणजे ॲडिअँटम, ग्रीकमध्ये ‘न भिजणारा’. त्याच्या पानावर पाणी टिकत नाही, थेंब होऊन ओघळते. तेरड्याच्या इंपेशन्सचा अर्थ अधीर, कारण पिकलेल्या बोंडाला बोट लावायचा अवकाश, ते तडकून बी उधळते. ड्रॉसेरा म्हणजे ग्रीकमध्ये दवाने भिजलेली. पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक धरणाऱ्या या वनस्पतीला मराठीत दवबिंदू म्हणतात.

सीतेच्या आसवांचे नाव वेगळ्या वाटेने जाते. ही जांभळी फुले पठारावर ओलीत दाटीने उगवतात आणि मराठी नावाने त्यांत सीतेचे दुःख पाहिले. शास्त्रीय नाव युट्रिक्युलॅरिया. लॅटिन ‘युट्रिक्युलस’ म्हणजे लहानशी पखाल. चिखलात बुडालेल्या धाग्यांना बारीक पिशव्या असतात, त्यांच्यावरून हे नाव. ते ठेवले तेव्हा या पिशव्या कशासाठी आहेत हे कळलेले नव्हते. त्या झाडाला तरंगत ठेवतात असे मानत. 1875 साली कीटकभक्षी वनस्पतींवरच्या आपल्या पुस्तकात डार्विनने त्यांचा तपशिलाने विचार केला, आणि या पखाली सूक्ष्म जीव पकडतात हे पुढे आले. एक नाव फुलापाशी थांबले, दुसरे चिखलात हात घालून आले. दोन्ही खरी आहेत. मराठी नाव मोडीत काढून लॅटिन आणावे, किंवा लॅटिनला पोथीतले म्हणून हसावे, या दोन्ही वृत्ती सारख्याच चुकीच्या आहेत.

कारवीला तर नाव फार सुंदर मिळाले. स्ट्रोबिलँथस: ‘स्ट्रोबिलॉस’ म्हणजे देवदाराला असतो तसा शंकू, ‘अँथॉस’ म्हणजे फूल. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, पण तिचे कळ्यांनी भरलेले तुरे ज्यांनी पाहिले असतील त्यांना नावातला शंकू लगेच दिसेल. आवळ्याच्या फायलँथसमध्ये ‘फायलॉन’ पान आणि तेच ‘अँथॉस’ फूल: पानावर फुलणारी. आवळ्याचे जे संयुक्त पान वाटते ती खरी बारीक डहाळी असते आणि तिच्यावरच्या पानांच्या बगलेत इवली फुले येतात. भुईआवळी उपटून उलटी धरली तर पानांखाली ओळीने लागलेली फळे दिसतात. आवळ्याचे जातिनाम एंब्लिका. त्यात अरबीमार्गे फिरून आलेला ‘आमलक’च आहे.

भाजीवालीच्या टोपलीतही हे सापडते. चाकवत चिनोपोडियम आल्बम. ‘खेन’ म्हणजे हंसजातीचा पक्षी आणि ‘पोडिऑन’ छोटा पाय. पानाचा आकार त्या पावलासारखा. माठ आणि राजगिरा ॲमरँथस, मूळ ग्रीक ‘अमारांटॉस’ म्हणजे न कोमेजणारा. फुलासाठीच्या ‘अँथॉस’शी गल्लत होऊन नावात एक जादा अक्षर शिरले ते कायमचे. टोमॅटोच्या लायकोपर्सिकममध्ये लांडगा आहे आणि पीचचे फळ आहे. भुईमुगाचे ॲरॅकिस हायपोजिया पाहावे. ‘हायपो’ खाली आणि ‘गी’ भूमी. फूल जमिनीवर फुलते आणि शेंग भुईखाली धरते. हे पीक दक्षिण अमेरिकेतून आले. मराठी शेतकऱ्याने त्याला भुईमूग म्हटले. लॅटिन न येणाऱ्या त्या शेतकऱ्याने लिनियसला दिसले तेच पाहिले होते. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे ज्याच्या पानांवर हजारो घरांचा उन्हाळ्यातला रोजगार अवलंबून असतो, तो तेंदू किंवा टेंभुर्णी म्हणजे डायॉस्पिरॉस मेलॅनोझायलॉन. ‘डिऑस’ म्हणजे झ्यूसचा, ‘पिरॉस’ म्हणजे गहू: देवाचे अन्न. ‘मेलास’ काळा आणि ‘झायलॉन’ लाकूड, कारण गाभा काळाभोर. पानांसाठी जग त्याला ओळखते. नाव मात्र फळाची आणि लाकडाची आठवण ठेवते.

अशा नावांपुढे माणसांच्या गौरवाची नावे फिकी पडतात. पळसाच्या मोनोस्पर्माआधीचे ब्युटिया हे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला अर्ल ऑफ ब्यूट याच्यावरून. त्याला वनस्पतींची आवड होती, पण पळसाशी त्याचा काय संबंध? महाराष्ट्राचे राज्यपुष्प ताम्हण म्हणजे लॅजरस्ट्रोमिया स्पेसिओजा. स्पेसिओजा म्हणजे देखणी, आणि ते खरेच आहे. लॅगरस्ट्रम हा मात्र स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक, लिनियसला पूर्वेकडचे नमुने मिळवून देणारा स्नेही. जुन्नरच्या डोंगरकड्यांवर सापडणाऱ्या दुर्मिळ शिंदळ माकडीला वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्यावरून फ्रिअरिया म्हटले. ज्याच्या सत्तेत किंवा ओळखीत नाव ठेवणारा होता, त्याचे नाव झाडाला चिकटले. कोकमाचे गार्सिनिया इंडिका ऐकून पुष्कळांना वाटते की गोव्याच्या गार्सिया द ओर्ताचा तो सन्मान असावा. तसे झाले असते तर फार उचित झाले असते. पण ते नाव लॉरें गार्सँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाचे आहे.

नाव चुकीचे असले तरी ते बदलता येत नाही, हा नामकरणाच्या संहितेचा कडक नियम आहे. चिंचेचे टॅमॅरिंडस म्हणजे अरबी ‘तमर हिंदी’, हिंदचा खजूर. पुढे इंडिका जोडल्यावर हिंदुस्थान दोनदा झाला, आणि झाड मूळचे आफ्रिकेचे. पीचला पर्सिका म्हणतात, ते मूळचे चीनचे. कासच्या गेंदाला एरिओकॉलॉन म्हणजे लोकरी देठाचा म्हणतात. पठारावरच्या गुळगुळीत देठांत लोकर शोधू नये. चूक सुधारायला गेले तर दर पिढी नवी नावे ठेवील आणि गोंधळ माजेल, म्हणून हा नियम शहाणपणाचा आहे. अग्रक्रमाचा नियमही तसाच. तुळशीच्या ऑसिमममध्ये ग्रीकांचे ‘ओकिमॉन’ हे सुगंधी रोपाचे जुने नाव आहे. 1767 साली लिनियसने तिला ऑसिमम सँक्टम, पवित्र, असे नाव दिले. पण 1753मध्ये त्यानेच तिला टेन्युइफ्लोरम, नाजूक फुलांची, म्हटले होते. आधीचे नाव टिकले. सदाफुली पूर्वी व्हिंका होती. आता ती कॅथरँथस रोजियस, ‘काथारॉस’ म्हणजे शुद्ध. तिच्यापासून मिळालेली कर्करोगावरची औषधे मात्र व्हिंक्रिस्टीन आणि व्हिंब्लास्टीन याच नावांनी रुग्णांपर्यंत पोचतात. तिचे जुने नाव आज दवाखान्यात ऐकू येते.

लिनियसनंतर पडलेल्या नावांत महाराष्ट्राचा भूगोलही उतरला आहे. सेरोपेजिया सह्याद्रिका, सेरोपेजिया पंचगणिएन्सिस, मोरिंगा कोंकनेन्सिस. ‘एन्सिस’ हा स्थळदर्शक लॅटिन प्रत्यय, आपल्या ‘कर’सारखा. जुन्नर भागातल्या डोंगरावर सापडलेल्या एका कंदीलपुष्पाचे नाव सेरोपेजिया महाबळेई, पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. टी. एस. महाबळे यांच्या सन्मानार्थ. शेवटचा ‘ई’ म्हणजे षष्ठी, महाबळ्यांचे. पठारांवरच्या डबक्यांत फुलणारा वायतुरा ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस आहे. त्यात इटलीतल्या ॲपोनस या उष्ण झऱ्यांचे लॅटिन नाव, शेजारी या अर्थाचा ग्रीक ‘गेटॉन’ आणि शेवटी सातारा, असे तिघे एका फुलावर एकत्र आलेले आहेत.

नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्येच द्यावे अशी सक्ती 1935पासून 2011च्या अखेरपर्यंत होती. 1 जानेवारी 2012पासून ते इंग्रजीत दिलेले चालते. नाव मात्र लॅटिन रूपातच असावे लागते. जुलै 2024मध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत आफ्रिकी लोकांना अपमानास्पद असलेले ‘काफ्रा’ हे जातिनाम बदलून ‘आफ्रा’ करण्याचा निर्णय मतदानाने झाला. 200हून अधिक नावांना तो लागू आहे. चुकीच्या नावांना हात न लावणाऱ्या शास्त्राने अपमानाला वेगळा न्याय लावला, आणि तो योग्यच लावला.

शहरांतल्या उद्यानांत आणि शाळांच्या आवारांत झाडांना पाट्या लावलेल्या असतात. त्यांवर मराठी नाव असते आणि खाली रोमन लिपीतले लॅटिन नाव, जे वाचून कुणालाच काही कळत नाही. त्याच पाटीवर तिसरी ओळ अर्थाची असावी. पळसाखाली ‘एकबीजी’, कारवीखाली ‘शंकूसारखी फुले’, भुईआवळीखाली ‘पानावर फुलणारी’. महापालिका, वनखाते, शाळा यांच्यापैकी कुणालाही हे थोडक्या खर्चात करता येईल, आणि पाटी वाचणारे मूल मग नाव खरे आहे का ते पाहायला शेंग फोडून बघेल.